घोड्याच्या पाठीचं माप

मंडळी, कोल्हापुरात पायताण बेतून घ्यायचं तर कारागीर गिऱ्हाइकाला कागदावर उभं करतो आणि पायाभोवती पेन्सिल फिरवतो. बसून पाय पुढे केला तर माप चुकतं, कारण अंगाचा भार पडल्यावरच पंजा पसरतो. खोगिरासाठी घोड्याच्या पाठीचं माप घेतानाही घोड्याने चारही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायला हवं. पायाचं माप मात्र एका कागदावर मावतं, पाठीचं मावत नाही. दुकानात सांगतात तो ‘सतरा इंची’ आकडा स्वाराच्या बैठकीचा असतो. ‘मीडियम’ सांगाडाही, म्हणजे खोगिराचा आतला कडक ढाचाही, प्रत्येक बनवणाऱ्याचा वेगळा असतो. म्हणून जीनगराला, म्हणजे खोगीर बनवणाऱ्याला, आकडा देऊ नका, आकार द्या.

पागेत माप घेऊ नका. मूत वाहून जावं म्हणून तिथल्या जमिनीला उतार असतो, आणि त्या उतारावर घोडा एका बाजूला कलतो. फरसबंदी अंगणात, सकाळी फिरवण्याआधी उभा करा, कारण काम केल्यावर पाठीचे स्नायू किंचित फुगतात. मान नेहमीच्या उंचीवर असू द्या. पुढ्यात वैरण टाकली की मान खाली जाते आणि पाठीचा आकार बदलतो. मागचा एक पाय सैल सोडला तरी माप वाया गेलं समजा. मोतद्दाराचं, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याचं, लक्ष सतत पायांकडे हवं.

साहित्य थोडंच लागतं: ड्रॉइंगच्या दुकानात मिळणारी ६० सेंटिमीटरची लवचीक पट्टी, जाड कार्डशीट, खडू आणि मोजपट्टी. पट्टीच्या बरोबर मध्यावर चिकटपट्टी लावून खूण करा.

आता जागा ठरवायच्या. खांद्याच्या फऱ्याची मागची कड बोटांनी चाचपा. मग मोतद्दाराला पुढचा पाय उचलून पुढे ताणायला सांगा. फरा मागे सरकलेला हाताला जाणवेल. त्या सरकलेल्या कडेमागे दोन बोटांवर पहिली खूण. दुसरी खूण पाठ सर्वांत खोल असते तिथे. तिसऱ्या खुणेसाठी शेवटची बरगडी खालून वर चाचपत जा. वर जाताना ती पुढे कलते, आणि कण्याला मिळते तो छातीचा अठरावा मणका. खोगिराचा भार त्याच्या मागे जाता कामा नये, तिथून मागची कंबर बरगड्यांच्या आधाराशिवाय असते. तिन्ही खुणांमधली अंतरं लिहून ठेवा.

आता तिन्ही खुणांवर एकेक आडवी रेघ घ्यायची. पट्टीचा मध्य कण्यावर धरून दोन्ही बाजूंना सुमारे २० सेंटिमीटर खाली दाबत न्या. केसांवर टेकेल इतकंच दाबायचं, मांसात रुतवायचं नाही. उचलताना सरळ वर उचला, टोकं फाकली की आकार गेला. लगेच कार्डावर ठेवून आतल्या, म्हणजे घोड्याकडच्या कडेने रेघ मारा. बाहेरच्या कडेने मारली तर पट्टीची जाडी मापात शिरते. डावी-उजवी बाजू नेहमी स्वाराच्या नजरेने लिहा. काहीजण पुढून पाहून लिहितात, आणि भरती, म्हणजे गादीत कोंबायचा भराव, नेमकी चुकीच्या बाजूला जाते.

चौथी रेघ लांबीची, आणि तीच बहुतेक जण विसरतात. ती कण्यावरून काढू नका. खोगिराची गादी कण्यावर नसते, मधली पन्हळ सोडून दोन्ही बाजूंना टेकते. कण्यापासून चार बोटं बाजूला, पहिल्या खुणेपासून तिसरीपर्यंत रेघ घ्या आणि पाणसळीने आडवी रेषाही आखा. ती नसेल तर पाठ पुढे उतरती आहे की मागे, हे कागदावरून कळत नाही. पाठ खोल आणि गादी सपाट असली तर खोगीर पुलासारखं पुढे-मागे टेकतं, मधे पोकळ राहतं. उलट गादी जास्त गोल असली तर ते झोके खातं.

रेघेवरून कार्ड कापा आणि घोड्याच्या पाठीवर परत ठेवून पाहा. पेन्सिल आत जाईल एवढी फट दिसली तर माप पुन्हा घ्या. ही तपासणी टाळली तर आधीचं सगळं व्यर्थ.

फऱ्यामागे खळगा दिसला की थांबा. अनेकदा तो अरुंद सांगाड्याने स्नायू दाबून आटवल्यामुळे पडलेला असतो. त्या खळग्याच्याच मापाने नवं खोगीर केलं तर स्नायू परत भरायला जागा उरत नाही. सांगाडा किंचित रुंद ठेवून फट नमद्याने, म्हणजे खोगिराखाली घालायच्या जाड घडीने, भरा. एक खांदा मोठा असेल तर सांगाडा मोठ्या बाजूच्या मापाने करा आणि लहान बाजूला भरती वाढवा. भरतीने सगळं सावरतं असं मात्र नाही. अरुंद सांगाड्यात आणखी भरती घालणं म्हणजे घट्ट पायताणात जाड मोजा घालणं. कार्डावर कातडीचा आकार येतो, गादीची जाडी त्यात नसते, म्हणून सांगाडा कार्डापेक्षा रुंदच लागतो हे जीनगराला सांगा.

प्रत्येक कार्डावर तारीख घाला. पावसाळ्यात हिरवा चारा मिळून घोडा भरतो, उन्हाळ्यात उतरतो. तीन-चार महिन्यांनी नवी रेघ जुनीवर ठेवून पाहा.

खोगीर आलं की आधी नमद्याशिवाय तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, कसून पाहा. मानेमागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी हवीत. मग पातळ कापड घालून अर्धा तास चालवा आणि घामाचे डाग बघा. ओल्या पाठीवर कोरडा ठिपका असेल तर तिथे बोटं फिरवा. केस चपटे झालेले असतील आणि दाबल्यावर घोडा पाठ चोरत असेल, तर तिथे दाब जास्त आहे. केस मोकळे असतील आणि घोडा शांत राहिला, तर तिथे गादी टेकतच नाही.