पेठेतला कान, खोडदचा कान

सदाशिव पेठेतल्या एका चारमजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या मोबाइल टॉवरच्या लोखंडी खांबावर चढून, कमरेला पट्टा बांधलेला एक तंत्रज्ञ काळी टेप गुंडाळतो आहे. अँटेनाच्या तळाशी जिथे केबल जोडली जाते, त्या सांध्यावर शेवटचा थर तो खालून वर नेतो, वरून खाली नव्हे. त्यामुळे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर कौलासारखा चढतो आणि पावसाचे पाणी आत न शिरता ओघळून जाते. केबललाही त्याने मुद्दाम थोडा झोळ ठेवला आहे, म्हणजे तिच्यावरून वाहत आलेले पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल. मोबाइलच्या जाळ्याविषयी बोलताना आपण ५जीच्या वेगापासून सुरुवात करतो, पण पुण्याच्या पावसाळ्यात या जाळ्याची प्रकृती अशा बोटभर सांध्यांवरही अवलंबून असते. सांध्यात पाणी शिरले की अँटेनाकडे निघालेली ऊर्जा वाटेतूनच मागे फिरते, आणि त्याहून वाईट म्हणजे अँटेनाला ऐकू कमी येऊ लागते.

ऐकू येणे, हा शब्द येथे विचारपूर्वक वापरला आहे. सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याने अनेक वर्षे पुण्याच्या घराघरांत चित्रे पोहोचवली. त्याचे काम केवळ बोलण्याचे होते, आणि ज्याला फक्त बोलायचे आहे त्याने उंच जागा गाठून मोठ्याने बोलावे, इतके पुरते. मोबाइलचा टॉवर मात्र संभाषणात उतरलेला असतो. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती दहा वॅटच्या काही पट असते, तर आपल्या हातातला ४जी फोन फार तर एक पंचमांश वॅटने उत्तर देतो. हे उत्तर भिंती, झाडे आणि गल्लीतल्या वळणांमधून गच्चीपर्यंत पोहोचते, तेव्हा एका वॅटचे दहा लाख कोटी भाग केले असता त्यातला एखादाच भाग अँटेनाच्या वाट्याला आलेला असतो. शहरात शेकडो टॉवर जवळजवळ उभारावे लागतात त्याचे एक कारण हेच, की फोनचा आवाज लहान आहे. दुसरे कारण असे, की ठरावीक लहरींवर सगळ्या शहराला बोलायचे असल्यामुळे त्याच लहरी थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा वापराव्या लागतात.

गच्चीवरच्या त्या उभट पेट्या म्हणजेच अँटेना. तीन दिशांना तीन, प्रत्येकीकडे वर्तुळाचा एक तृतीयांश भाग, आणि प्रत्येक किंचित खाली झुकवलेली, जेणेकरून तिचा झोत आपल्याच वस्तीत पडावा आणि शेजारच्या टॉवरच्या हद्दीत गोंधळ करू नये. पेटीच्या आत एकमेकांना छेद देणाऱ्या दोन तिरक्या दिशांनी बसवलेले धातूचे घटक असतात. हातात आडवातिडवा धरलेला फोन एका दिशेने नीट ऐकू आला नाही, तर दुसऱ्या दिशेने येतो. जवळच असलेला रेडिओ, म्हणजे लहरी पाठवणारा आणि टिपणारा संच, हा क्षीण संकेत वाढवून त्याचे आकड्यांत रूपांतर करतो आणि फायबरवरून खालच्या कपाटात पाठवतो. त्याच कपाटाशेजारी ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात, म्हणून वीज गेली तरी काही काळ रेंज टिकते. तिथून पुढचा प्रवास बहुतेक वेळा जमिनीखालच्या फायबरमधून होतो. म्हणजे ज्याला आपण बिनतारी म्हणतो, त्यातला बिनतारी टप्पा बऱ्याचदा काहीशे मीटरांचाच असतो.

टॉवर फोनला सतत सूचना देत असतो, की जवळ आहेस तर हळू बोल, लांब आहेस तर जोर लाव. तळघरातल्या पार्किंगमध्ये फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते, ती या जोर लावण्यापायी. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर नको, पण घरात रेंज मात्र हवी, असे सांगणाऱ्या सभासदांना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, की टॉवर जितका दूर, तितका कानाशी धरलेला फोन जोराने बोलतो.

अनंत चतुर्दशीला, विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीत, पुण्याच्या अलका टॉकीजच्या चौकात या सगळ्याची परीक्षा होते. रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि फोन काही लागत नाही. दांड्या एवढेच सांगतात, की फोनला टॉवर ऐकू येतो आहे. टॉवरला फोन ऐकू येतो की नाही, हे त्या सांगत नाहीत. बोलण्याआधी प्रत्येक फोनला दार ठोठावावे लागते, आणि ४जीमध्ये एका सेलपाशी, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या हद्दीत, ठोठावण्याचे ६४च प्रकार असतात. दोन फोनांनी एकाच क्षणी तोच प्रकार निवडला, तर त्यांची टक्कर होते आणि थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. ढोलताशांच्या गजरात मित्राला हाक मारणाऱ्याची जी अवस्था, तीच खिशातल्या फोनची.

पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात, याहूनही तीक्ष्ण कान आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरलहर रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तारांच्या जाळीच्या आहेत, आणि त्या अब्जावधी वर्षांपूर्वी दूरच्या दीर्घिकांमधून निघालेल्या लहरी ऐकतात. त्यांच्यापुढे पेठेतल्या फोनची कुजबुजही आरडाओरडा ठरावी. नूतनीकरणानंतर दुर्बिणीचा ऐकण्याचा एक पट्टा, म्हणजे लहरींच्या वारंवारतांचा एक टप्पा, ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा आहे आणि पुढचा १०५० पासून सुरू होतो. मधल्या मोकळ्या जागेत मोबाइलचा जुना ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा येतो. परंतु २०२२ नंतर देशात ५जीसाठी वापरात आलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा पहिल्या पट्ट्याच्या आतच पडतो. त्यामुळे खोडदच्या नोंदींतून आधी माणसांचे बोलणे गाळावे लागते, आणि मग उरलेल्यात दीर्घिका शोधाव्या लागतात.