खिडकीतली शिकार

श्रोतेहो, नमस्कार.

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वाघ आणि सांबर उभे राहतात. मी आज सांगणार आहे ती शिकार मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत घडली, आणि शिकारी माझ्या करंगळीहून लहान होती.

भाद्रपदातली दुपार होती. खिडकीच्या चौकटीवर एका कुंभारीण माशीने बोराएवढे गाडगे घडवले होते. मोरीजवळच्या ओल्या मातीची एकेक गोळी आणून तिने त्याला बाहेर वळलेला सुबक काठही दिला होता. ही माशी म्हणजे निरुपद्रवी कारागीर, असेच मी समजत आले होते. फुलातला मध पिणारी ही माशी शिकार करीत असेल, असे मनातही आले नव्हते. त्यामुळे बाहेरच्या टोमॅटोच्या पानावरून तिने एका हिरव्या उंटअळीला पकडले, तेव्हा मी हातातले काम टाकून तिथेच खिळून उभी राहिले.

अळी तिच्याहून लांब होती आणि जिवाच्या आकांताने वळवळत होती. माशीने तिला जबड्यात धरले, स्वतःचे पोट वाकवले आणि अळीच्या पोटाकडच्या बाजूला तीनचार ठिकाणी नांगी खुपसली. अळीच्या मज्जातंतूंच्या गाठी तिथेच, पोटाच्या बाजूने ओळीने असतात. वळवळ थांबली, पण ती मेली नव्हती, कारण तिचे पाय मधूनच थरथरत होते. मेलेली अळी कुजते, लुळी पडलेली ताजी राहते, आणि पिल्लाला ताजेच अन्न लागते. संध्याकाळपर्यंत अशा पाच अळ्या त्या गाडग्यात गेल्या, मग मातीने तोंड बंद झाले. अंडे तिने आधीच आत घातलेले असते. फ्रेंच कीटकनिरीक्षक फाब्र (१८२३–१९१५) यांनी अशा घरट्याला खिडकी पाडून पाहिले, तेव्हा अंडे छताला एका बारीक धाग्याने टांगलेले दिसले. खालच्या चाळवणाऱ्या अळ्यांनी ते चिरडू नये, अशी ही तजवीज.

आपल्याकडे कीटक-भृंग न्याय सांगतात, की भृंगीचे ध्यान करता करता अळीच भृंगी होते. मला त्या जुन्या निरीक्षकांविषयी आदर वाटतो, कारण त्यांनी चिकाटीने शेवटपर्यंत पाहिले होते: अळी आत जाते आणि माशी बाहेर येते. मधले तेवढे मातीच्या भिंतीआड राहिले.

सुमारे तीन आठवड्यांनी गाडग्याला वाटोळे छिद्र दिसले. आतली नवी माशी निघून गेली होती. मी ते रिकामे गाडगे तळहातावर घेऊन हलकेच फोडले. आत कोशाचे पातळ, तपकिरी आवरण होते, आणि त्याच्या बुडाशी अळ्यांच्या डोक्यांची मोहरीएवढी वाळकी कवचे पडली होती. मोजली, तर पाच भरली.