मोळी सोडायची, सर

[दृश्य : सकाळ. डोंगर, सीताफळाची झाडं, शाळेचं फाटक उघडणारी दोन मुलं]

बीड जिल्हा. बालाघाटच्या डोंगरातलं एक गाव. पाऊस झाला तर बाजरी, तूर, कापूस. नाही झाला तरी सीताफळं येतात, पण सीताफळावर वर्ष निघत नाही. जिल्हा परिषदेची ही शाळा, पहिली ते चौथी. दोन खोल्या, दोन शिक्षक. पट ६०पर्यंत असेल तर कायद्याने तेवढेच मिळतात. त्यातला एक मी. बहुतेक चित्रीकरणही माझ्याच मोबाईलचं आहे, तेव्हा चित्र हललं तर सांभाळून घ्या.

पहिली आणि चौथी मॅडमकडे. दुसरी-तिसरी माझ्याकडे, एकाच फळ्यावर. मधली ती खडूची उभी रेघ दिसते ना, ती आमची भिंत. रेघेच्या डावीकडची मुलं उजवीकडचं ऐकतात. आधी मी रागवायचो. आता दुसरीतली पोरं तिसरीचे पाढे फुकटात उचलतात, मी कशाला बोलू?

[दृश्य : सतरंजी. सुतळीने बांधलेल्या तुराट्यांच्या काड्या]

इथे थोडं थांबू. निळ्या शर्टातला मुलगा बघा. गणित आहे, ३२ वजा १५.

हे गणित मी किती वर्षं शिकवलं! एककातून जात नाही, दशकाकडून हातचा घ्या. मुलं मान हलवायची आणि पाचातून दोन वजा करून मोकळी व्हायची. उत्तर २३. दरवर्षी नवी पोरं, उत्तर तेच. मग प्रशिक्षणात सांगितलं तसे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधले. म्हटलं, हा बघा दशक. कुणी काही बोललं नाही. तेव्हा हा निळा शर्ट म्हणाला, "सर, ही तर मोळी हाय."

मोळी त्याने पुस्तकात पाहिली नव्हती. त्याच्या घरचे दरवर्षी साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जातात. फडात, म्हणजे उसाच्या शेतात, ऊस तोडतात, साळतात, शेंड्याचं वाढं वेगळं करतात आणि त्याच वाढ्याने मोळी बांधतात. ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. आईला चढताना त्याने किती वेळा पाहिलं असेल, हे त्यालाच ठाऊक.

मी विचारलं, तीन मोळ्या आहेत, दोन सुट्या. मला पाच दे. त्याने सुट्या पाहिल्या. मग म्हणाला, "मोळी सोडायची, सर."

[दृश्य : हातांचा जवळून शॉट. आवाज तसाच ठेवावा]

सुतळीची गाठ घट्ट बसली होती, त्याने दाताने सोडली. हा भाग आम्ही कापलेला नाही. तेवढा वेळ गप्प बसणं मला अजून जड जातं; शिक्षकाच्या तोंडाला उत्तर सांगायची खाज असते. बारा सुट्या झाल्या. पाच दिल्या, सात राहिल्या. एक मोळी दिली, एक राहिली. सतरा.

त्या दिवसापासून आमच्याकडे 'हातचा' हा शब्द दोन आठवडे उशिरा येतो. आधी मोळी सोडतात.

खरं सांगायचं तर आम्ही शिक्षक आपसात म्हणायचो, कारखान्याला गेलेली पोरं कोरी होऊन येतात. कोरी नव्हती ती. आम्ही विचारत नव्हतो. पण म्हणून फडालाच शाळा म्हणायची घाई कुणी करू नये. मोळी त्याला फडात मिळाली, वजाबाकी नाही. आणि फड आणखीही काही शिकवतो. तिसरीच्या वर्गात मी विचारलं होतं, अर्धा म्हटल्यावर काय आठवतं? भाकरी, पेरू, अशी उत्तरं आली. मागून एक मुलगी म्हणाली, "अर्धा कोयता." तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस गेला, तर अर्धा.

[दृश्य : हजेरीपटाची पानं, दिवाळीनंतरचे रकाने]

शाळा जूनमध्ये उघडते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. माणसं परत येतात मार्चमध्ये, कधी एप्रिल उजाडतो. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. शाळा भरते हो. हा पट बघा.

[दृश्य : रात्र. बॅटरीचा उजेड, घराचं दार]

सप्टेंबरपासून मी आणि मॅडम घरोघर फिरतो, तेही अंधार पडल्यावर, कारण दिवसा घरी कुणी सापडत नाही. कोण जाणार, कुणाची आजी मागे राहणार, याची यादी करायची. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्चही झालेली असते. तेव्हा 'जाऊ नका' म्हणण्यात अर्थ नाही. मी एवढंच विचारतो, लेकराला ठेवता का?

एक आई म्हणाली, "रातीचं रडलं तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिची सासू म्हणाली, "मी हाय की."

हंगामी वसतिगृह असं त्याचं सरकारी नाव. मुलं झोपतात आजीजवळ, जेवतात शाळेत, सकाळ-संध्याकाळ. काम शाळा व्यवस्थापन समिती बघते. गाड्या दिवाळीला जातात आणि मंजुरीचा कागद मात्र कधी कधी नाताळ ओलांडून येतो. तोवर किराणा उधारीवर. दुकानदाराचं नाव सांगत नाही, गावात सगळेच उधार मागायला लागतील.

जी मुलं जातात त्यांना शिक्षण हमी पत्रक देतो, तिकडच्या शाळेत दाखल व्हावं म्हणून. काही होतात. काहींची शाळा सहावी-सातवीतच सुटते, मुलींची लग्नं उरकली जातात.

[दृश्य : पहाट. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. निवेदन कमी]

पत्र्याची पेटी. कोपीसाठी, म्हणजे तिकडच्या राहायच्या झोपडीसाठी, बांबू, ताडपत्री. पाण्याची टाकी. कोंबड्यांची डालगी.

शेळी निळ्या शर्टाने धरलीय. ती त्याने वर दिली. तो खालीच.

[दृश्य : संध्याकाळ. शाळेचा व्हरांडा, भाकऱ्या]

आज पिठलं आहे. आजी थापतेय, मॅडम वाढतायत. तिसरीतल्या मुलीने जेवायच्या आधी ताटं मोजली, दहा-दहाच्या थप्प्या लावून. एक थप्पी आणि सात सुटी.

तुराट्या सगळ्या मोडल्यात. उद्या सकाळी नव्या आणायच्या आहेत.