ब्रेकर कधी पडला, ते आधी बघा

मंडळी, मोटरहोममधला, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतला ब्रेकर पडला की बहुतेक जण पहिलं काम काय करतात? तो वर करतात. पुन्हा पडला की पुन्हा वर. तिसऱ्यांदा पडला की ‘ब्रेकरच गेलाय’ असा निकाल देऊन मोकळे होतात. मग कोणीतरी जाणता माणूस सल्ला देतो, सोळा अँपिअरचा काढ आणि वीसचा टाक. या सल्ल्याइतका घातक सल्ला मी दुसरा ऐकलेला नाही.

ब्रेकर तुमच्या फ्रीजसाठी किंवा एसीसाठी बसवलेला नसतो. तो वायरसाठी असतो. गाडीच्या भिंतीत फोममध्ये दबलेली, प्लायवूडला चिकटून गेलेली तांब्याची वायर किती करंटला तापेल, त्यावरून ब्रेकरचा आकडा ठरतो. वायर तीच ठेवून मोठा ब्रेकर लावलात, तर ब्रेकर पडायचा थांबेल. वायर तापायची थांबणार नाही, आणि ती तुम्हाला दिसणारही नाही.

लोडचा हिशेब सोपा आहे. वॉटला व्होल्टने भागा, अँपिअर मिळतात. २३० व्होल्टवर १६ अँपिअरची जोडणी म्हणजे ३,६८० वॉट. पण सगळीकडे १६ मिळतीलच असं नाही. युरोपात गाड्या मुक्कामाला लावायच्या कित्येक तळांवर १० किंवा ६ अँपिअरवरच भागवावं लागतं, म्हणजे २,३०० किंवा १,३८० वॉट. उत्तर अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, तिथल्या ३० अँपिअरच्या जोडणीवर ३,६०० वॉट मिळतात. तिथलाच ५० अँपिअरचा प्लग मात्र फसवा आहे. त्यात ५०-५० अँपिअरच्या दोन लाइन येतात, म्हणून तो १२,००० वॉट देतो.

आता गंमत बघा. ६ अँपिअरच्या जोडणीवर २,००० वॉटची किटली लावली. हिशेबाने ८.७ अँपिअर होतात, ब्रेकर पडायला हवा. पण चार-पाच मिनिटांत पाणी उकळतं आणि ब्रेकर जागचा हलत नाही. का? ब्रेकरच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, ती तापून वाकली की ब्रेकर सुटतो. दुसरी कॉइल, ती एकदम मोठा करंट आला की क्षणात तोडते. ब्रेकरचं मानक असं सांगतं, की त्यावरच्या आकड्याच्या १.४५ पट करंट गेला तर ब्रेकरने तासाभराच्या आत पडलं पाहिजे. तासाभराच्या आत म्हणजे लगेच नव्हे! आपली किटली नेमकी तिथेच बसते. त्यात हजार वॉटचा हीटर चालू केलात की करंट तेराच्या घरात जातो आणि मग पट्टीला फार वेळ लागत नाही. शिवाय हे आकडे साधारण ३० अंश तापमानाला धरलेले असतात. तळावरच्या वीज-खांबावरचा ब्रेकरचा बंद डबा भर उन्हात तापला, की पट्टी आधीच निम्मी वाकायला टेकलेली असते. ‘सकाळी चालतं, दुपारी पडतं’ ही तक्रार इथून येते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ब्रेकर पडला तर वर करण्याआधी तो कधी पडला ते आठवा. चालू करताक्षणी पडला, तर शॉर्ट शोधा, किंवा एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना करंटचा जो झटका घेतो तो तपासा. दहा-वीस मिनिटांनी पडला, तर लोड जास्त आहे. आणि क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) १६च्या ब्रेकरवर जेमतेम ९ अँपिअर दाखवतोय, तरीही पडतोय? मग स्क्रू बघा. हा रोग घरापेक्षा गाडीत जास्त, कारण गाडी रस्त्यावर हादरे खाते आणि टर्मिनल सैल होतात. सैल जोड तापतो, ती ऊब ब्रेकरच्या पट्टीपर्यंत जाते आणि ती बिचारी इमानाने वाकते. टर्मिनलजवळ वायरचं आवरण तपकिरी, कडक झालेलं दिसेल. टोक कापून नव्याने बसवा. पण स्क्रू-ड्रायव्हर लावण्याआधी बाहेरची केबल काढा आणि इन्व्हर्टरही बंद करा. केबल काढली तरी इन्व्हर्टर आतून २३० व्होल्ट देत राहतो, हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा स्विच) पडली असेल तर लोडचा विषयच सोडा. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती तोडते, कारण तेवढा करंट गळून माणसाच्या अंगातून जात असू शकतो. सगळी उपकरणं काढा, मग एकेक लावत जा. गीझरचं एलिमेंट हा नेहमीचा संशयित.

केबलच्या ड्रमबद्दल एक वाक्य: गुंडाळलेली आणि पूर्ण उलगडलेली, असे दोन वेगळे आकडे त्यावर छापलेले असतात. गुंडाळलेली केबल वितळेपर्यंत तापली तरी ब्रेकरच्या लेखी सगळं ठीकच असतं.

आता १२ व्होल्टची, म्हणजे बॅटरीची बाजू. २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेणारी तीच किटली इन्व्हर्टरवर लावली, की बॅटरीतून १८० अँपिअरच्या आसपास ओढते. म्हणून इन्व्हर्टरची केबल जाड आणि आखूड हवी, आणि फ्यूज बॅटरीला होता होईल तेवढा जवळ. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या केबलच्या तुकड्याला कोणीच वाली नसतो. ब्रेकर वापरणार असाल, तर त्यावर डीसीचं, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचं रेटिंग छापलेलं आहे का ते बघा. ५० हर्ट्झचा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगी विझायला मदत होते. डीसीत ती सोय नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, बॅटरी भरलेली, फ्यूज शाबूत, तरी फ्रीज मधूनच बंद पडतो. ताई, दीड चौरस मिलिमीटरची वायर सहा मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन बारा मीटर होते, आणि पाच अँपिअरला त्यात पाऊण व्होल्ट जातो. २३०मध्ये तो जाणवतही नाही, १२मध्ये फ्रीजचं इलेक्ट्रॉनिक्स बॅटरी उतरली असं समजून बंद होतं. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर आणि फ्रीजच्या मागच्या टर्मिनलवर, दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक निघाला, तर जाड वायर टाका.