चाकाचा घेर

(दृश्य: अमेरिका, युटा राज्य. हायवे 191. कोवळं ऊन, दूरवर लाल कडे. रस्त्याच्या कडेने हिरव्या पाट्या मागे पडतायत.)

या हिरव्या पाट्यांवर मैलांचे आकडे आहेत. दर मैलाला एक पाटी. क्रेसंट जंक्शनला मोआबच्या, म्हणजे लाल खडकांवर जीप चढवायला लोक जातात त्या गावाच्या, रस्त्याला लागल्यावर मी गाडीतला ट्रिप मीटर शून्यावर आणला आणि पाट्या मोजायला सुरुवात केली. दहा मैल झाले तेव्हा मीटरवर आकडा होता 9.4. वेगाचा काटा 65 वर स्थिर होता आणि फोनमधला जीपीएस 69 ते 70 दाखवत होता. शेजारून जाणाऱ्या गाड्यांना वाट देत, आपण सावकाश चाललोय अशा समजुतीत मी होते.

गाडीत बिघाड काहीच नव्हता. तिला मिळालेली माहिती जुनी होती, एवढंच. ती माहिती बदलून देणारं यंत्र म्हणजे प्रोग्रामर. आज त्याच्याबद्दल.

(दृश्य: उभ्या जीपचं पुढचं चाक, जवळून. टायरवरची अक्षरं.)

ही 2013 ची जीप रँग्लर रुबिकॉन, जेके पिढीतली. ही पिढी 2007 पासून 2018 पर्यंत चालली. कारखान्यातून हिला 255/75आर17 मापाचे टायर आले, म्हणजे साधारण 32 इंच उंचीचे. मोआबच्या खडकांवर जायचं म्हणून आम्ही 35 इंची बसवले. टायर मोठा झाला की ॲक्सल निम्म्या फरकाने वर उचलला जातो. तीन इंचांनी दीड इंच. कागदावर किरकोळ वाटतं, पण मोआबच्या हेल्स रिव्हेंज या खडकाळ ट्रेलच्या चढावर खडकाच्या कडेला डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, घासणं किंवा न घासणं त्या दीड इंचावर ठरतं.

आता गाडीच्या बाजूने बघा. तिला रस्ता दिसत नाही. चाकाजवळचे सेन्सर चाक किती फिरलं ते मोजतात. त्याला कॉम्प्युटर चाकाच्या घेराने गुणतो, आणि त्यातून वेग आणि अंतर निघतं. आम्ही चाक बदललं, पण तो घेराचा आकडा आत तसाच राहिला. खडकावर मोठा टायर फिरवायला जोर मिळावा म्हणून गिअरही बदलून घेतले, 4.10 चे 4.88. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला प्रॉपेलर शाफ्टला आता 4.88 फेरे घ्यावे लागतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कधी वरचा गिअर टाकायचा ते याच आकड्यांवर ठरवतो. गॅरेजने काम चोख केलं, गाडी हातात दिली आणि "कॅलिब्रेशन तुमचं तुम्ही करा" म्हणून मोकळे झाले. घरी येईपर्यंत गिअर नको तिथे बदलत होता, ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल धरतच नव्हता.

प्रोग्रामर लागतो तो इथे. हातात मावेल एवढं यंत्र, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक तपासणीचं यंत्र लावतो त्या सॉकेटला) लावायचं, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची.

(दृश्य: टेबलावर दोन-तीन प्रोग्रामर. एकाला पडदा, एकाला नुसती बारीक बटणं.)

बाजारात हे सगळे एका फळीवर मांडलेले असतात, त्यामुळे घोळ होतो. खरं तर यांच्या दोन जाती आहेत. एक जात फक्त मापं बदलते: टायरचा घेर, गिअर रेशो, टायरमधली हवा कमी झाल्याच्या इशाऱ्याची पातळी, दिव्यांच्या सवयी. एईव्ही कंपनीचा प्रोकॅल त्यातला. त्याच्या मूळ रूपात पडदासुद्धा नव्हता, छोटे स्विच वरखाली करून मापं भरायची. सुपरचिप्स कंपनीचा फ्लॅशकॅलही याच कामाचा. दुसरी जात इंजिनचा ट्यूनही बदलते, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची. सुपरचिप्सचाच फ्लॅशपॅक हे काम करतो. किंमत जास्त, आणि जबाबदारीही जास्त. कॅलिफोर्नियात जुलै 2021 पासून स्मॉग चेकच्या, म्हणजे धुराच्या तपासणीच्या, वेळी इंजिनचं सॉफ्टवेअर मूळ आहे का तेही तपासतात. बदललेलं असेल तर त्याला तिथल्या हवा मंडळाची मंजुरी लागते, नाहीतर गाडी नापास. रुबिकॉन ट्रेल ही जीपवाल्यांची नावाजलेली खडकाळ वाट कॅलिफोर्नियातच आहे, त्यामुळे तिथल्या जीपवाल्यांना हा प्रश्न रोजचा.

माझं मत मी आडपडदा न ठेवता सांगते. टायर आणि गिअर बदललेत, म्हणून मापं दुरुस्त करायची आहेत? मग पहिल्या जातीचा घ्या. खडकावर दोन मैलांच्या वेगाने चढताना ट्यूनच्या चार-दोन अश्वशक्ती कुठेच जाणवत नाहीत. तिथे काम करतात ट्रान्सफर केसचा (चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) 4:1 चा रेशो आणि तुमचा पाय.

(दृश्य: खोक्यातून काढलेला जुना प्रोग्रामर. केबलवर चरे.)

हा माझा पहिला प्रोग्रामर. वापरलेला, अर्ध्या किमतीत मिळाला. पोर्टला लावला, चावी फिरवली, आणि पडद्यावर आलं की हे यंत्र दुसऱ्या गाडीशी जोडलेलं आहे. यातली बरीच यंत्रं एका गाडीच्या व्हीआयएनशी, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकाशी, बांधली जातात. जीपवाले त्याला चक्क 'लग्न' म्हणतात. आधीच्या मालकाने मूळ सेटिंग परत घालून ते मोडलं नसेल, तर दुसऱ्याच्या हातात ते निव्वळ प्लास्टिक. विकणाऱ्याने तोवर आपली गाडीही विकून टाकली होती. पैसे गेले आणि मोआबच्या दोन सहली हुकल्या. म्हणून जुना घेणार असाल, तर विकणाऱ्याला त्याच्या गाडीत बसून तुमच्यासमोर तो सोडवायला सांगा. त्याला दहा मिनिटं लागतात.

फोनवर चालणारी ॲपही आहेत. जेस्कॅन हे त्यातलं नावाजलेलं. ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर पोर्टला लावायचा आणि बाकी सगळं फोनवर. परवाना इथेही गाडीच्या क्रमांकावरच.

(दृश्य: नव्या रँग्लरच्या डॅशबोर्डखाली टॉर्चचा उजेड.)

तुमची गाडी जेएल असेल, म्हणजे 2018 पासूनची रँग्लर, तर गोष्ट वेगळी. जुलै 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी हायवेवर धावणारी जीप चेरोकी दूर घरात बसून, इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली होती. कंपनीला 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पुढच्या गाड्यांमध्ये सिक्युरिटी गेटवे आला: ओबीडी पोर्ट आणि गाडीच्या आतल्या जाळ्याच्या मधोमध बसवलेला पहारेकरी. बाहेरून वाचता येतं, पण लिहायला गेलं की तो अडवतो. म्हणून जेएलसाठी टेझरसारखी यंत्रं थेट त्या गेटवेपाशी जोडतात, किंवा त्याला वळसा घालणारी केबल लावतात. फक्त जेकेसाठी बनवलेला प्रोग्रामर इथे उपयोगाचा नाही. दुकानदार "जीपला चालतो" म्हणाला तरी पिढी आणि वर्ष विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

पुण्यातला माझा मावसभाऊ परवा फोनवर म्हणाला, "ताई, माझ्या थारला तुझ्यासारखाच पाठव ना." त्याला सांगितलं, बाबा रे, थारचा कॉम्प्युटर वेगळा, हा तिथे चालणार नाही. आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाणारा बदल करता येत नाही, त्यामुळे टायरचा प्रश्न प्रोग्रामरच्या आधी येतो. जेएल रँग्लर मात्र 2021 पासून पुण्याजवळ रांजणगावलाच जोडली जाते. तिच्या मालकांना वर सांगितलेली गेटवेची अडचण जशीच्या तशी लागू.

(दृश्य: सपाट काँक्रीट. टायरवर खडूची रेघ, जमिनीवर खडूची खूण.)

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. प्रोग्रामर विचारतो, टायर किती इंच? आणि बहुतेक जण टायरवर छापलेला आकडा भरतात. तो भरू नका. गाडीचं वजन पडल्यावर, तुमच्या हवेच्या दाबाला, टायर जसा आहे तसा मोजा. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे खडूची खूण करा, टायरवर आणि जमिनीवरही. गाडी सरळ ढकला, एक पूर्ण फेरा. खूण पुन्हा खाली आली की तिथे दुसरी रेघ. टेप लावा.

आमचं अंतर आलं 107.5 इंच. 3.14 ने भागलं, जवळपास 34.25. टायरवर मात्र 35 लिहिलंय. मी 35 भरले असते तर काटा उलट्या बाजूला चुकला असता. खरे पावणेएकोणसाठ असताना 60 दाखवले असते.

(दृश्य: चार्जरच्या चिमट्या बॅटरीला लावलेल्या. इंजिन बंद, चावी 'रन'वर.)

गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये मापं लिहिताना इंजिन बंद, चावी चालू, दिवे-पंखा-रेडिओ बंद आणि बॅटरीला चार्जर. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर कॉम्प्युटर अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी जागची हलत नाही. आधी मूळ सेटिंग जपून ठेवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर अपडेट केलं की तुमचे आकडे पुसले जाऊ शकतात, म्हणून भरलेली मापं कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा.

आम्ही भरलं: टायर 34.25. गिअर 4.88. आणि हवेचा इशारा. 35 इंची रुंद टायरला या गाडीचं वजन पेलायला मूळ टायरइतकी हवा लागत नाही. आम्ही टायरवर आडवी खडूची रेघ ओढून थोडं अंतर चालवलं. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. 28 पीएसआयला ती सारखी पुसली गेली. दारावरच्या स्टिकरचा दाब मूळ टायरसाठीचा, त्यामुळे डॅशबोर्डवर पिवळा दिवा कायम पेटलेला असायचा, आणि कायम पेटलेल्या दिव्याकडे आपण बघायचं सोडतो. मग एखाद्या दिवशी खरंच टायर बसत असेल तेव्हा कळणार कसं? इशाऱ्याची पातळी खाली आणल्यावर तो दिवा विझला. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त समाधान त्याचं झालं.

(दृश्य: पुन्हा हायवे 191. हिरव्या पाट्या. ट्रिप मीटर जवळून.)

दहा पाट्या. मीटरवर 10.0. काटा 65, फोनवर 65. क्रूझ कंट्रोल धरलाय, गिअर चढावर वेळेवर खाली येतोय.

(दृश्य: ट्रेलचं तोंड. चाकाशी बसलेली बाई, व्हॉल्व्हमधून हवेचा आवाज.)

इथून पुढे लाल खडक. चारही टायर 15 पीएसआयवर आणायचे. पिवळा दिवा आता पेटेल, आणि आज तो खरं सांगत असेल. परतताना कॉम्प्रेसरने 28 भरली की विझेल.