चैत्रातला वळीव आणि गौताळ्याच्या कडेचा मुक्काम

आम्ही मुक्कामाला गेलो ती डोंगररांग सातमाळा-अजिंठ्याची असून तिच्या उतारांवरचे जंगल गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचे आहे. १९८६ साली घोषित झालेले, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य कन्नड तालुक्यातून जळगाव जिल्ह्यात उतरते. धबधबे वाहू लागले की श्रावणात येथे गर्दी लोटते. चैत्रात मात्र ओढे आटलेले असतात, सालई आणि धावडा उघडेबोडके उभे असतात, आणि हौशी माणसे इकडे फिरकत नाहीत. आमच्या मित्रमंडळींनी नेमका हाच काळ निवडला, कारण मोहाचा बहर याच दिवसांत असतो.

अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे तंबू लागणार होते ते जंगलाला लागून असलेल्या, आमच्यातल्याच एकाच्या मामांच्या वावरात. एका मित्राला ओढ्यातली मऊ, सपाट वाळू आवडली होती, तर दुसऱ्याला मोहाखालची झाडून घेतल्यासारखी स्वच्छ जमीन. मामांनी दोन्ही जागा मोडीत काढल्या. वरच्या पठारावर काळ्या खडकावर मातीचा थर पातळ असल्याने पाणी मुरत नाही, आणि तिकडे सर कोसळली की येथे थेंबही न पडता कोरडा ओढा वाहू लागतो. मोहाखालची जमीन फुले वेचण्यासाठी साफ केलेली असते. फुले पहाटे गळतात, आणि ती खायला माणसांच्या आधी अस्वल येऊ शकते. उघड्या माळाचा विषय तर विजेच्या धास्तीने निघालाच नाही. अखेर आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या झोपडीच्या, खालच्या अंगाला, किंचित उतार असलेल्या जागी तंबू ठोकले आणि त्यांच्या वरच्या बाजूने चर खणला. निरभ्र आकाशाखाली कुदळ चालवणे काहींना हास्यास्पद वाटत होते.

वळवाचा पाऊस मोसमी पावसासारखा दिवसभर रेंगाळत नाही. सकाळपासून तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्राकडून आलेले बाष्प तिला मिळाले की दुपारनंतर उंचच उंच ढग उभे राहतात, आणि संध्याकाळच्या सुमारास आधी वावटळ, मग वीज आणि शेवटी पाऊस, असा तो येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलवर विजेचा इशारा देते. तो आला तेव्हा पश्चिमेला नुसती काळी रेघ होती. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळते. हा हिशेब पाच किलोमीटरवर आल्यावर सर्वांनी तंबू सोडले आणि बांधावर उभ्या केलेल्या जीपमध्ये दारे-काचा लावून बसले, कारण तंबू कितीही भारी असला तरी तो विजेपासून वाचवत नाही, आणि झाडाचा आडोसा तर जिवावर बेततो. दरवर्षी मराठवाड्यात शेतात काम करणारी माणसे अशीच बळी पडतात.

गारा थोडाच वेळ पडल्या, पण जीपच्या टपावर त्यांचा असा काही ताशा वाजत होता की बोलणे अशक्य झाले. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून बाहेर आल्यावर दिसले, की चर तुडुंब भरून वाहत होता आणि तंबूंची जमीन कोरडी होती. ओढ्यातली वाळू मात्र गढूळ पाण्याखाली गेली होती. सरपण भिजल्याने चूल पेटली नाही. जेवण झाले ते घरून आणलेल्या धपाट्यांवर आणि लसणाच्या चटणीवर.

जंगलाला हा पाऊस मानवतो. वणव्याचा हंगाम ऐन भरात असताना पाचोळा भिजतो, आणि आटत चाललेल्या पाणवठ्यांना थोडी उसंत मिळते. शेताचे तसे नाही. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने हाताशी आलेली रब्बी पिके झोपवली, त्याची आठवण येथे आजही निघते. पहाटे मोहाची फुले वेचायला आलेल्या बायकाही फुलांआधी आंब्याच्या कैऱ्यांचे बोलत होत्या. मामांचा कांदा काढून शेतातच पडला होता. वरचा थर भिजला होता, आणि दुपारनंतर पुन्हा पावसाचा अंदाज होता. पितळखोऱ्याची लेणी पाहण्याचा बेत त्यामुळे रद्द झाला. भिजलेला कांदा निवडून वेगळा करायचा आणि उरलेला ताडपत्रीखाली घालायचा, या कामाला सगळे मित्र लागले.