छारानगरची तालीम

पडद्यावर दिसणारी ही खोली अहमदाबादच्या छारानगरातील वाचनालयाची आहे. पुस्तकांच्या कपाटांसमोरची जागा मोकळी केली की जेवढी फरशी उरते, तेवढीच बुधन थिएटर या छारा तरुणांच्या नाट्यगटाच्या तालमीला मिळते. येथे नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही, रंगभूषाही नाही. सात-आठ तरुण-तरुणी एकामागे एक उभे राहतात, गुडघ्यांत किंचित वाकून एका लयीत हलू लागतात आणि पाहता पाहता पोलिसांची जीप तयार होते. हीच शरीरे पुढच्या प्रसंगात कोठडीचे गज होतात.

आता बसवला जात असलेला प्रसंग मारहाणीचा आहे. लाठी नटाच्या अंगावर पडत नाही, ती फरशीवर आदळते; त्याच क्षणी मागे उभा असलेला मुलगा टाळीचा कोरडा आवाज काढतो आणि खाली पडलेला नट अंग आक्रसून घेतो. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. आवाज आधी आला आणि अंग नंतर हलले, तर रस्त्यावरचा प्रेक्षक हसतो, आणि कोठडीतील मृत्यू सांगणाऱ्या नाटकात ते हसू परवडणारे नाही. म्हणून तालीम घेणारी तरुणी प्रसंग पुन्हा पुन्हा थांबवते, लाठी धरलेल्या मुलाचा हात स्वतःच्या हाताने वर नेऊन दाखवते आणि सगळे पहिल्यापासून सुरू करायला लावते.

या मुलांसाठी ही घटना ऐकीव नाही. छारा समाज मूळचा भटका. सांशी समूहाशी त्याचे नाते सांगितले जाते आणि महाराष्ट्रातील कंजारभाट हे त्याचेच भाऊबंद मानले जातात. घरात बोलली जाणारी भांतू बोली आजही टिकून आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने संपूर्ण जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. ज्या जमातीचे नाव यादीत चढले, तिच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, गाव सोडायचे तर परवाना घ्यावा लागे आणि अनेकांना सेटलमेंट नावाच्या बंदिस्त वसाहतीत राहणे भाग पडे. सोलापूरची सेटलमेंट मराठी माणसाला ऐकून ठाऊक आहे. अहमदाबादेतही छारा कुटुंबांना अशाच वसाहतीत आणून ठेवण्यात आले, आणि आजचे छारानगर हे त्या इतिहासाचे अपत्य आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या यादीतून मुक्त झाल्या. विमुक्त हे त्यांचे नाव तेव्हापासूनचे. मात्र पुढे राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांच्या नजरेतील यादी कायम राहिली. शेजारच्या वस्तीत चोरी झाली की पहिली जीप इकडे वळते. दारूबंदी असलेल्या गुजरातेत गावठी दारू गाळणे हा वस्तीतील अनेक घरांचा पोटापाण्याचा आधार राहिला आहे, हेही येथील लोक लपवत नाहीत. छारा म्हटल्यावर नोकरीच मिळत नाही, असे त्यांचे उत्तर असते. छारानगरची बातमी बहुतेक वेळा धाडीच्या निमित्तानेच छापली जाते. या वस्तीत वकिलांची संख्या लक्षणीय आहे, ही गोष्ट त्या बातम्यांत क्वचितच येते.

१९९८ हे वर्ष या कथेच्या केंद्रस्थानी आहे. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर नावाच्या तरुणाला पोलिसांनी पानाच्या दुकानापाशी पकडले. खेडिया शबर हीदेखील इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेली जमात. काही दिवसांतच बुधन कोठडीत मरण पावला आणि त्याने आत्महत्या केल्याचे सांगण्यात आले. शबरांनी त्याचा मृतदेह राखून पुरला आणि चितेवर पुतळा जाळला, म्हणून पुरावा शिल्लक राहिला. त्यांची संघटना कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी आत्महत्येच्या कहाणीतील विसंगतींवर बोट ठेवत केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीचा आणि बुधनची पत्नी श्यामली हिला नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला.

शबरांच्या या लढ्यात बंगाली लेखिका महाश्वेता देवी प्रथमपासून होत्या. मार्च १९९८ मध्ये त्या बडोद्याला व्याख्यानासाठी आल्या, आणि त्याच सुमारास त्यांनी भाषाभ्यासक गणेश देवी व लेखक लक्ष्मण गायकवाड यांच्यासह विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृती गट स्थापन केला. त्याच वर्षी गणेश देवी आणि महाश्वेता देवी छारानगरात आले. वस्तीतील मुलांशी बोलताना वाचनालयाची कल्पना पक्की झाली आणि ते सुरूही झाले. सरकारी योजनेत कुणी आधी पुस्तकांची मागणी करत नाही, परंतु या वस्तीच्या सांस्कृतिक कामाचा पाया पुस्तकांनीच घातला, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

कृती गटाच्या ‘बुधन’ या नियतकालिकात उच्च न्यायालयाचा निकाल छापून आला आणि तो या वाचनालयात पोहोचला. नाटकाची संहिता म्हणून या तरुणांच्या हाती पहिल्यांदा आला तो हा निकाल. कुणी कुणाला कोठे पकडले, साक्षीत काय सांगितले, कोठडीच्या नोंदी कोठे जुळत नाहीत, हे सारे त्यांनी परिच्छेदामागून परिच्छेद वाचले आणि त्यातून प्रसंग काढले. छारानगरचेच दक्षिण बजरंगे यांनी ते नाटक लिहून दिग्दर्शित केले. ज्या ठिकाणी कागद तुटक होता, तेथे मुलांनी स्वतःच्या घरातील अनुभव भरला. कारण धाड कशी पडते, दार कसे वाजते आणि वडिलांना नेल्यावर आई कोणाकडे धावते, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. अभिनयाबद्दलही येथील कलावंतांचे स्वतःचे म्हणणे आहे. ज्यांच्या मागच्या पिढ्यांना पोट भरण्यासाठी चोरी करावी लागली, त्यांना बाजारात सतत वेगळा माणूस होऊन वावरावे लागले, आणि ते कसब रक्तात आहे, असे ते संकोच न करता सांगतात. ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, विमुक्त दिनी, छारानगरात भरलेल्या संमेलनात ‘बुधन’चा पहिला प्रयोग झाला. पुढे गटाने आपले नावही तेच ठेवले.

दुसरे नाटक महाराष्ट्राने दिले, आणि ही बाब आपल्याला अभिमानाची नाही. जून १९९८ मध्ये बारामती येथे पिन्या हरी काळे हा पारधी मजूर पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. त्या मृत्यूवर या गटाने लगेच पुढच्या वर्षी नाटक उभे केले. पुरुलियाच्या जंगलपट्टीतला शबर, बारामतीचा पारधी आणि अहमदाबादचा छारा यांची भाषा, अन्न आणि देव वेगळे आहेत. त्यांना एका फरशीवर आणले ते पोलीस ठाण्यातील एकसारख्या अनुभवाने.

आता आपण वस्तीच्या चौकात आहोत. प्रयोग सुरू होण्याआधी ढोलकी वाजते, मुले ओरडत गल्ल्यांतून फिरतात, दुकानाच्या पायऱ्या आणि घरांच्या गच्च्या भरतात. काळे कपडे घातलेले नट माणसांच्या रिंगणात उतरतात. पुढच्या रांगेतील स्त्रिया कोठडीच्या प्रसंगाकडे कशा पाहतात, ते पडद्यावरच पाहावे. नाटक संपताना नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहतात आणि सन्मानाने जगण्याचा हक्क मागतात. त्यानंतर तेथेच चर्चा सुरू होते, जी कित्येकदा प्रयोगाइतकीच लांबते.

या गटातील काही जण पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, काही पत्रकार, काही चित्रपटकार झाले. पोलिसांशी असलेले नाते मात्र फारसे बदलले नाही. जुलै २०१८ मध्ये छारानगरावर मोठी धाड पडली, माणसांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या आणि वस्ती रस्त्यावर उतरली.

विमुक्तांच्या प्रश्नांवर केंद्राने नेमलेल्या दोन आयोगांचे अध्यक्षपद मराठी माणसांनीच भूषवले. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाचा अहवाल २००८ साली आला आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर आपल्या शिफारशी दिल्या. हे अहवाल विमुक्तांच्या वस्त्यांत मोठ्याने वाचले गेले पाहिजेत, ज्या रीतीने छारानगरच्या मुलांनी एक निकालपत्र वाचले. पारधी पालांवर किंवा कंजारभाट वस्त्यांत असे काम सुरू करण्यासाठी रंगमंदिराची वाट पाहावी लागत नाही. एक खोली, पुस्तकांचे एक कपाट, संध्याकाळी दार उघडणारा एक माणूस आणि सातत्याने काही वर्षे मिळणारा थोडा निधी एवढ्यावर सुरुवात करता येते. महाविद्यालयांची नाट्यमंडळे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील सार्वजनिक वाचनालये यांच्या आवाक्यातील हे काम आहे, आणि त्यांनी ते हाती घ्यावे, ही आमची मागणी आहे.